खिडकीखालचा बहर

आपल्या बायकोला दवाखान्यातून घरी आणायच्या दिवशीच सलूनवाल्यांनी खिडकीखालच्या बॉटलब्रशच्या झाडावर कात्री चालवली.

"घरी न्या, त्यांना आवडेल ते करू द्या," असं डॉक्टर म्हणाले होते. त्याचा अर्थ नवराबायको दोघांनाही कळला होता. तिनं एवढंच मागितलं, की पलंग खिडकीशी लावा, मला झाड फुललेलं बघायचंय. झाड तिनंच लावलेलं. बाटली धुवायच्या ब्रशासारखी लालभडक फुलं यायची. यंदाही कळ्या धरल्या होत्या.

पण फांद्या झिपऱ्यांसारख्या काचेवर आल्या होत्या. जन्मभर लोकांच्या झिपऱ्या कापलेला माणूस, हात शिवशिवले. बायकोचे केसही तेच कापायचे. औषधांनी ते गळाल्यापासून घरात कात्रीला काम नव्हतं. त्यांनी झाड छान गोलाईत आणलं, मागून साफ केलं, दोन पावलं सरून पाहिलं. मग खाली पाहिलं. या झाडाला फूल येतं फांदीच्या टोकाला, आणि टोकं सगळी जमिनीवर पडली होती.

दोऱ्यानं बांधून पाहिली, तर कळ्यांनी माना टाकल्या. तेवढ्यात लेकीचा फोन आला, दवाखान्यातून गाडी निघाली म्हणून. सलूनवाल्यांनी दुकानातले दाढीचे ब्रश पेटीसकट आणले, ग्रिलचा उरलेला लाल रंग काढला आणि एकेक ब्रश बुडवून तारेनं फांद्यांना बांधायला घेतला. त्यांचे लाल हात बघून शेजारी घाबरून धावत आले. खरं कळल्यावर घरात गेले आणि स्वतःचा दाढीचा ब्रश घेऊन आले.

बायकोला पलंगावर टेकवून बसवलं. डोक्याचा रुमाल सारखा करत ती बराच वेळ खाली बघत राहिली. झाडावरून रंग ठिबकत होता.

"यंदा बहर जोरात आहे," ती म्हणाली.

लेक तोंड फिरवून पाणी आणायला गेली. सलूनवाल्यांनी हात पाठीमागे लपवले.

"अहो, उद्या दाढी कशानं करणार?"

"नाही करत."

"तो पिवळ्या मुठीचा शेजारच्यांचा दिसतो. वाळायच्या आत धुऊन परत करा." ती उशीला टेकली. "बाकीचे राहू द्या. मला पुरतील तेवढे."