उस्मान सारंगाची राखण

बाकीच्या कारखान्यांत कामाच्या वेळी तोंड उघडलं की ओरडा बसतो. आमच्या आंब्याच्या कारखान्यात तोंड मिटलं की बसत असे.

कारखाना म्हणजे तरी काय, रत्नागिरी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची एक लांबलचक कौलारू शेड. आंबा सुरू झाला की आसपासच्या वाड्यांवरच्या बायका येत, ओळीने पाटांवर बसत, हापूस सोलत आणि पिळत. रस पलीकडच्या भट्टीवर तापवून डब्यांत भरला जाई. मी तिथे कारकून होतो. मालक मुंबईला असत आणि त्यांनी मॅनेजर म्हणून नेमले होते उस्मान सारंग.

सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. उस्मानभाईंचा सगळा जन्म खलाशी हाकण्यात गेला होता. साठी उलटली तसा दर्या सुटला, पण हाकणं काही सुटलं नाही. लाल तुर्की टोपी, पांढरी दाढी, आणि आवाज असा की मालगुंडच्या माणसाला इथूनच निरोप सांगता यावा.

माणूसजातीविषयी त्यांचं मत पक्कं होतं.

"आदमी म्हणजे बोटीचा नांगर, क्लार्कसाब. दोर सोडला की तळाला जाऊन पडणार."

"आणि तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"मी दोर धरणारा," ते म्हणाले, आणि मी रिकामा उभा आहे हे लक्षात येऊन माझ्यावरच खेकसले.

आता एवढा आंबा समोर असताना बायका तो खाणारच, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. डोळे दोन, बायका दहा-बारा. बराच वेळ दाढी कुरवाळून त्यांनी हुकूम सोडला, "सगळ्यांनी गायचं! सुट्टी होईपर्यंत. तोंडात गाणं असलं की आंबा जात नाही."

झालं. शेडमध्ये सकाळपासून ओव्या सुरू झाल्या. सारंग टोपी सावरत ओळीतून फेऱ्या मारत. कोणाचा आवाज तुटला की त्या पाटापुढे जाऊन उभे.

"का थांबलीस? गिळलंस काय?"

"श्वास घेतला, चाचा."

"श्वास नाकाने घ्यायचा. तोंड गाण्याला दिलंय ना?"

एकीच्या घरी सुतक होतं. ती म्हणाली, गाणं नको. सारंग विचारात पडले. दुःख त्यांना कळत होतं, पण सुतकातलं तोंडसुद्धा आंबा खाऊ शकतं हेही कळत होतं. शेवटी म्हणाले, "बरं, गाऊ नको. सासूला शिव्या घाल. पण आवाज येऊ दे." ती बिचारी आधी लाजली. मग अशी काही रंगली की शेजारणी गाणं विसरून ऐकत बसल्या आणि सारंगांनी त्या सगळ्यांना तोंड उघडायला लावून तपासलं.

ओळीच्या टोकाला पारूकाकी बसे. वयाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. तिने लौकरच सारंगांवरच ओव्या रचायला घेतल्या.

सारंगाच्या डोळ्याला गो डोळा लागत नाही,
आंब्याच्या सालीलाही भेव वाटं बाई.

सगळ्या खिदळत. सारंग मात्र हाताने ठेका धरून म्हणत, "शाब्बास! अजून मोठ्याने!" शब्दांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. जिभेला काम होतं, तेवढं पुरे.

गंमत अशी झाली की गाण्याच्या भरात हात झपाझप चालायला लागले. मुंबईहून मालक आले, ते दारातच थबकले. म्हणाले, "वा सारंग, किती खुशीत काम करतात हो माणसं! तुम्हाला माणसं जपता येतात."

सारंगांचा चेहरा पडला. "जपतोय कसला, शेट? राखण करतोय."

त्या राखणीतली खरी मेख पारूकाकीने मला सांगितली होती. "अवो भाऊ, सकाळपास्नं त्या रसात हात घालायचे, नाकात तोच वास. घरी पोरांनी आंबा फोडला तरी मी अंगणात जाऊन बसतंय. त्याला म्हणावं सुकट ठेव समोर, मग राखण कर." हे सारंगांना सांगायची हिंमत कोणी केली नाही. सांगून त्यांना पटलंही नसतं.

ऐन हंगामात सारंग तापाने आडवे झाले. आता शेडची धर्मशाळा होणार असं मलाही वाटलं. कसलं काय! बायका वेळेवर आल्या, आपण होऊन गायल्या, डबे भरले गेले. मी ही आनंदाची बातमी घेऊन संध्याकाळी राजिवड्यात त्यांच्या घरी गेलो. बायको पूर्वीच वारलेली, दोन्ही मुलगे दूर बोटींवर. सारंग एकटेच खाटेवर पडले होते.

"गाताना कोण थांबली?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"आंबा?"

"एकही गेला नाही. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

ते भिंतीकडे वळले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "शेटना लिहा, सारंग आता येणार नाय. माणूस नसला तरी चालतं, तर मग माणूस कशाला?" मग बारीक आवाजात म्हणाले, "या घरात हाक मारली तर भिंत पण ओ देत नाय, क्लार्कसाब. तिकडे ओरडलो की दहा जणी उलटून बोलतात."

दुसऱ्या दिवशी मी ते पारूकाकीला सांगितलं. तिने हातातला आंबा पिळला, कोय टाकली आणि म्हणाली, "येडा म्हातारा." त्यापुढे दिवसभर कोणी गायलं नाही. नुसती कुजबुज.

संध्याकाळी सुट्टी झाल्यावर ती सगळी फौज राजिवड्याकडे निघाली. मी मागून. सारंगांच्या अंगणात बायका ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीने पदराआडून एकेक हापूस काढला आणि दातांनी सोलून खायला सुरुवात केली. एकेकीचं तोंड असं वाकडं झालं होतं की काढा परवडला.

"सारंगचाचा!" भरल्या तोंडाने पारूकाकी ओरडली. "आमी आंबे चोरलेत! बगायला माणूस नाय तर काय करणार?"

दार उघडलं. सारंग चौकटीला धरून उभे राहिले. अंगात ताप, डोक्यावर टोपी नाही. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. धाकटीला तर घास उतरतच नव्हता, डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिच्यापाशी गेले.

"थुंक," ते म्हणाले. "थुंक गो पोरी. कळलं मला."

सारंगांनी तांब्या आणून एकेकीच्या हातावर पाणी घातलं.

"परवा येतो कामावर," ते म्हणाले. "चोर सगळ्या."

मग त्यांनी चहा टाकला. फळीवर कप एकच होता. ते तो भरत, एकीला देत, ती प्यायली की विसळून पुढचीसाठी भरत. त्यातल्या काहीजणींच्या घरी हे चाललं नसतं, पण त्या संध्याकाळी कोणीही नको म्हटलं नाही.

"खोळंबा होतोय तुमचा," सारंग ओशाळून म्हणाले.

"होऊ दे सावकाश, चाचा," पारूकाकी पायरीवर ऐसपैस बसत म्हणाली. "आमाला कसली घाई?"

दिवेलागण झाली होती, आणि घरोघरी त्यांच्या चुली अजून पेटायच्या होत्या.