बाईंचे मिस्टर

आमच्या आळीत मीटर वाचायला येणारा माणूस गमरेकाकांच्या घराशी हमखास अडायचा. त्याला मीटर सापडत नसे. मीटर जागेवरच असे, पण त्याने निळ्या फेल्टच्या कापडाचा कोट घातलेला असे. पुढून बटणं, वरून झाकण. काका आतून सांगायचे, "बटणं काढा, वाचा, आणि परत लावा. हवा लागते त्याला."

"हवा लागते" हे काकांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. रत्नागिरीची हवा खारट, दमट, ती लोखंडाला गंज आणते, कपड्याला वास आणते आणि पुस्तकाला बुरशी आणते, तेव्हा प्रत्येक वस्तूला अंगभर काहीतरी हवंच, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्या घरात उघडं असं काही राहिलं नव्हतं. रिमोटला झबलं, रेडिओला जाकीट, विळीच्या पात्याला म्यान, फोनच्या चार्जरलाही टोपडं. फक्त कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीला काही घातलेलं नव्हतं. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "त्यांना नाय लागत हवा."

काकांच्या गळ्यात कायम टेप असे. बोलता बोलता ते समोरच्या वस्तूचं माप घेत. मी चहाला गेले की माझ्या पर्सचं माप घेतलं जाई आणि आठवड्याभरात पर्सला पिशवी मिळे. मग ती पिशवी ठेवायला मला दुसरी पर्स लागे.

हे सगळं फेल्ट मुंबईहून आलेलं. काकांची सगळी नोकरी मुंबईत टोप्यांच्या एका कारखान्यात गेली. लग्नाच्या बँडवाल्यांच्या टोप्या, शाळांच्या गॅदरिंगचे मुकुट, असलं काम. निवृत्त झाले तेव्हा ते कापडाच्या तुकड्यांची पोती आणि पुस्तकांनी भरलेल्या ट्रंका घेऊन आले. "फेल्टची एक गंमत आहे," ते मला सांगायचे. "ह्याची कड उसवत नाय. कुठंही कापा, दुमडायला नको, शिवायला नको. तसाच राहतो बिचारा."

आळीत मात्र त्यांना नाव नव्हतं. ते 'बाईंचे मिस्टर' होते. कारण घर बाईंचं होतं. गमरेबाई इथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि अर्धी आळी त्यांच्या हाताखालून गेलेली. दोघंही मूळची दापोलीकडची. लग्न झालं तेव्हा बाईंना इथं नोकरी लागलेली होती आणि काकांना मुंबईत. काकांच्या मुंबईच्या खोलीत गावचे सगळे पुरुष मिळून राहायचे, तिथं बायकोला नेणार कुठं? मग बाई इथं राहिल्या, मुलीला, सुजाताला, एकट्यांनी वाढवलं, हे दोन खोल्यांचं घर बांधलं. काका भीमजयंतीला आणि मे महिन्यात यायचे. सुट्टी संपली की जायचे. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हापासून हेच बघत होते. आमच्या दोन घरांची पडवी एकच, मधे बांबूची जाळी. मी घरी शिकवण्या घेते, दुपार मोकळी असते, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येतं.

काका कायमचे आले त्या दिवशी मी जाळीतून ऐकलं.

"बाई, कपाटात एक खण मिळंल काय?"

"कशासाठी?"

"पुस्तकांसाठी."

"किती आहेत?"

काकांनी बहुधा ट्रंकांकडे पाहिलं असावं. "सुरुवातीला एक मिळाला तरी चालंल."

बायकोला ते बाईच म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे. बाईंना ते चुकीचं वाटत नव्हतं. काका त्या घरात नव्यानं बदली होऊन आलेल्या माणसासारखे वावरत. तांब्या कुठं ठेवायचा ते विचारून ठेवत. उंबऱ्यावर बसू का म्हणून विचारत. दोघांना एकमेकांची फारशी माहितीच नव्हती. सकाळचा चहा काका करायचे, तोही मुंबईच्या खोलीतल्यासारखा, गोडमिट्ट. बाई तर गेली कित्येक वर्षं बिनसाखरेचा घेत होत्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, सांगत का नाही त्यांना?"

त्या कपडे वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "काय सांगू? आपल्या बायकोला साखर चालत नाही हे माणसाला सांगावं लागावं? बघतील हळूहळू." आणि पुढं बरेच महिने त्या तो चहा पीत राहिल्या. एक दिवस काकांनी आपणहून साखर घातली नाही. कसं कळलं, ते मला माहीत नाही. बाई मात्र त्या सकाळी जाळीपाशी येऊन मला मुद्दाम म्हणाल्या, "आज चहा चांगला झाला होता."

कुकरच्या शिट्टीचा प्रकार ह्याच काळातला. काकांनी शिट्टीला लाल टोपी शिवली होती. बाईंनी न बघता कुकर चढवला. शिट्टी झाली तशी टोपी उडाली आणि शेजारच्या आमटीत पडली. बाईंनी ती चिमट्यानं काढली, पिळली आणि दोरीवर वाळत घातली. काका दुपारभर त्या दोरीकडे बघत बसले. संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "रागावल्या काय हो त्या? मला अजून समजत नाय त्यांचं."

दुपारच्या वाचनाची सुरुवात कशी झाली हे मी पाहिलेलं आहे. काका पडवीत बसून पुस्तकांना जाकिटं शिवत होते. प्रत्येक पुस्तकाला वेगळा रंग, वेगळं बटण. बाई बाहेर आल्या, एक पुस्तक उचललं, जाकीट काढलं आणि विचारलं, "ह्यात काय आहे?"

"नाय वाचलेलं," काका म्हणाले. "नुसतं घेऊन ठेवलंय. तुम्ही वाचाल तर मी ऐकीन. हात रिकामे नाहीत माझे."

बाईंनी वाचायला घेतलं. निवृत्त झाल्या होत्या, पण आवाज वर्गातला. स्पष्ट, सावकाश, मागच्या बाकापर्यंत जाणारा. आणि त्या मधेच थांबायच्या आणि प्रश्न विचारायच्या.

"सांगा, खलाशाची आई दाराशी का उभी राहिली?"

"पोरगा येणार होता म्हणून."

"पूर्ण वाक्यात सांगा."

"पोरगा येणार होता म्हणून आई दाराशी उभी राहिली."

"येणार होता, की येईल असं तिला वाटत होतं?"

काकांची सुई थांबली. बराच विचार करून म्हणाले, "वाटत होतं, बाई."

"हं. बरोबर."

मी जाळीच्या अलीकडे तांदूळ निवडत हसू दाबायची. पण त्या आवाजाची मला सवय लागली. दुपारी पलीकडे वाचन सुरू झालं की मी रेडिओ बंद करायची. हळूहळू मीही मनातल्या मनात पूर्ण वाक्यात उत्तरं देऊ लागले.

एकदा दमटपणानं दोन पानं एकमेकांना चिकटली होती. बाईंच्या लक्षात आलं नाही, त्या सरळ पुढच्या पानावर गेल्या. काका टाका घालता घालता, मान वर न करता म्हणाले, "मधे तो होडी विकतो ते राहिलं."

बाईंनी पानं सोडवली आणि होडी विकल्याचा भाग वाचून दाखवला. काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "त्यांनी ते आधी वाचलंय वाटतं."

"सगळीच वाचलीत," बाई म्हणाल्या. "माझं वाक्य संपायच्या आधी ते हसतात. मला पहिल्या आठवड्यातच कळलं."

"मग?"

"मग काय? तिथं इतकी वर्षं एकट्यानं वाचलीत. वाचून दाखवायला कोण होतं त्यांना तिथं? आता ऐकू देत."

ह्यानंतर मी त्या वाचनाला हसले नाही.

पुढच्या वर्षी आंब्याला मोहोर आला त्या सुमारास बाई वाचताना जास्त वेळा थांबू लागल्या. त्या थांबल्या की काकांना वाटे, आता प्रश्न येणार. आणि प्रश्न आला नाही तरी ते उत्तर देऊन टाकत. "त्याला घर आठवलं म्हणून तो मागे वळला." "तिनं पत्र फाडलं कारण तिला राग आला होता." पूर्ण वाक्यात. बाई "हं" म्हणत आणि पुढं वाचू लागत. मलाही तसंच वाटे. त्या दम घ्यायला थांबत होत्या हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. बाईंनी कुणाला काही सांगितलंही नाही. शाळेत आयुष्यभर उभं राहून शिकवत आलेली बाई, बसून वाचताना धाप लागते हे कुणाला सांगणार?

एका दुपारी त्या थांबल्या. काका म्हणाले, "समजलं, बाई. तो आता परत येणार नाय." बाईंनी पुस्तक मिटलं. "आज एवढंच," म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना. आम्ही रिक्षानं हॉस्पिटलात नेलं. हृदय थकलं होतं, पुष्कळ दिवसांपासून. सुजाता मुंबईहून आली. चार-पाच दिवस बाई होत्या, आणि मग गेल्या.

बाईंच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अंगणात माणूस मावत नव्हतं. केस पिकलेले विद्यार्थी आले होते. एकानं दुसऱ्याला काकांकडे बोट करून विचारलं, "हे कोण?" दुसरा म्हणाला, "बाईंचे मिस्टर." काकांनी ते ऐकलं. त्यांनी त्या माणसाला हात जोडून "जयभीम" केला, जसं काही त्यानं आपल्याला ओळखलं ह्याचं त्यांना बरं वाटलं.

सुजातानं त्यांना बरोबर चला म्हटलं. ते नाही म्हणाले. "बाईंचं घर आहे. मी कुठं जाऊ?" ती बिचारी रडत एकटी गेली.

मग काका पडवीत बसून राहू लागले. शिवत नव्हते. गळ्यात टेप असायची, पण माप कशाचं घेत नव्हते. दुपारी जाळीपलीकडे इतकी शांतता असे की मलाच बसवेना. एक दिवस मी धीर करून गेले. म्हटलं, "काका, मी वाचू का?" त्यांनी पुस्तक दिलं. मी माझ्या परीनं चांगलं वाचलं. प्रकरण संपलं तेव्हा ते म्हणाले, "छान वाचता तुम्ही." मग थोड्या वेळानं, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाले, "पण तुम्ही थांबत नाय."

मी पुन्हा वाचायला गेले नाही.

पावसाळा संपता संपता त्यांनी आपणहून सुजाताला फोन केला, मी येतो म्हणून. मला आश्चर्य वाटलं. निघायच्या सकाळी मी त्यांना सोडायला स्टेशनवर गेले. सोबत एकच लहान बॅग होती. पुस्तकं, फेल्टची पोती, सगळं त्यांनी घरातच ठेवलं होतं. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो.

"काका, तिथं करमेल तुम्हाला?" मी विचारलं.

"नाय करमणार," ते म्हणाले. "पण मला मुंबईत बाईंशिवाय राहायची सवय आहे. उमेदीची सगळी वर्षं तशीच गेली ना. कामावरून खोलीवर यायचं, भाकरी टाकायची, आणि म्हणायचं, बाई आता शाळेतनं घरी आल्या असतील. पोरीला जेवायला वाढत असतील. तेवढं मनात आलं की झोप लागायची." ते रुळांकडे बघत होते. "इथं ती सवय नाय मला. ह्या घरात मी बाईंशिवाय आधी कधी एक दिवस राहिलेलो नव्हतो. इथं सारखं कळतं, त्या नाहीत. तिथं असलो की त्या इथं असतात."

गाडी आली. त्यांनी मला चढू दिलं नाही, बॅग स्वतःच उचलली, आणि खिडकीतून हात केला. एवढ्या वर्षांत बाईंना ते मे महिन्याच्या शेवटी करायचे तसाच असणार तो. सुट्टी संपलेल्या माणसाचा.

रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. सुजाताचं घर हवेशीर आहे, नात गोड आहे, असं सांगतात. मग इकडची चौकशी करतात. विहिरीला पाणी किती आहे, फणस लागला का, बांगडा काय भावानं आला. मी सगळं सांगते. सांगून संपलं की पलीकडे जरा वेळ काही ऐकू येत नाही. मी घाई करत नाही. आता मला थांबता येतं.

मग ते विचारतात, "बाकी आमच्या घरी सगळी बरी ना?"

मी म्हणते, "सगळी बरी आहेत, काका."