सगुणाबाईंच्या श्वासात रोग राहिला त्याची हकीकत

श्री. जी देवता श्वास देते आणि दिला तो परत मागते, तिचे स्मरण करून लिहिले ऐसे की, शके सोळाशे त्र्याण्णव, खरनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी कोण्या एका राज्यात कफज्वराची साथ आली, आणि किल्लेदार रायाजीराव यांची कन्या सगुणाबाई सात दिवस निराळ्या कोठडीत राहिली. आठवे दिवशी ताप उतरला. वैद्य निळोपंत म्हणाले, "ताप गेला, रोग गेला. बाहेर यावे." त्या किल्ल्याची रीत ऐसी की, दुखण्यातून उठल्या माणसाने दरवाजावर शंख फुंकावा, आणि मग घरच्या वडिलाने तोच शंख फुंकून गावास कळवावे. बाईंनी फुंकला तो नाद मध्येच फाटला. किल्लेदार खदखदा हसले, "अगे, हा शंख की रेडकू?" दासी शंख पुसू लागली, तीस म्हणाले, "राहू दे. लेकीचे उष्टे बापास गोडच." आणि ऐसा फुंकिला की तटावरची कबुतरे उडाली. मग सर्वांनी गूळखोबरे खाल्ले. त्या घरचा सुखाचा दिवस तो शेवटला.

पाचवे दिवशी किल्लेदारांस ताप भरला, आणि धाप लागली, आणि बारावे दिवशी ते कैलासवासी जाहले. बाईंस रडू येईना. आबांचे जोडे हाती धरून येईल त्यास पुसत, "हे कोठे ठेवावे?" इकडे कारभारी बोलिले की, किल्ल्यात दुसरा आजारी कोणी नाही, बाहेरून रोज पाणी घेऊन येतो तो एक हसन पखालजी, रोग त्यानेच आणिला, आणि मग त्यास चौकीत बसविले. तो म्हणे, "सरकार, मला साधी शिंक नाही आली!" निळोपंतांनी कापसाची काडी त्याच्या नाकात फिरवून औषधी पाण्यात बुडविली. रोग असता पाणी तांबडे व्हावे, ते पांढरेच राहिले. बाई चौकीवर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझेही पाहा." "बाईसाहेब, आपला ताप जाऊन एकोणीस दिवस जाहले." "पाहा म्हणते ना." पाहिले तो पाणी तांबडे. वैद्यांनी वाटीवर उपरणे टाकिले. मग वैद्य हळूच म्हणाले, "हे चारचौघांत नेण्याचे कारण नाही." बाईंनी ती वाटी उचलिली आणि सुतकातच सदरेवर जाऊन सर्वांपुढे ठेविली. हसन सुटला. वैद्यांनी भरसभेत आपला बोल मागे घेतला, आणि काडी निर्मळ आल्याखेरीज शंख कोणी फुंकू नये ऐसा हुकूम जाहला.

तात्पर्य, ताप अंगातून निघतो त्या दिवशी रोग श्वासातून निघतोच ऐसे नाही. माणूस हिंडते, हसते, जेवते, आणि रोग मुक्कामास असतो. इतके कळावयास त्या राज्यास एक किल्लेदार खर्ची पडला.

सभा उठली. बाई उठल्या नाहीत. रिकाम्या गादीकडे पाहून प्रथमच मोठ्याने म्हणाल्या, "आबा, त्या दिवशी माझा घसा खवखवत होता. मला ठाऊक होते. तुम्ही इतके हसत होतात, म्हणून बोलले नाही."