नुसती चौकशी

निमिया व्हिल्याल्बा नाही म्हणायच्या तयारीनेच बसली होती. नकाराचे वाक्यही तिने सकाळी चिपा, म्हणजे चीज घातलेला पाव, खाताखाता मनात जुळवून ठेवले होते: विषय फार आवडला, पण नोकरी सांभाळून सध्या जमणार नाही, पुढच्या वर्षी बघू. राजधानीतल्या, असुन्सिओनच्या विद्यापीठातल्या इन्स्फ्रानबाई तिला दुपारी एक वाजता संगणकावर भेटणार होत्या. ही वेळ निमियानेच मागून घेतली होती, कारण तेव्हा व्हियारिकाच्या पाणीपुरवठा कार्यालयात रेकाल्देसाहेब केबिनचे दार लावून डुलकी काढत.

विषय होता गुआरानी भाषा, आणि घोडे तिथेच अडले होते. शेजारची बाई ऑनलाइन हिशेबतपासणी शिकत होती. तिला कोणी नावे ठेवत नव्हते. पण गुआरानी? ती तर गावात सगळ्यांनाच येते. भांडताना दुसरी भाषा सुचतच नाही. तिच्यात पदव्युत्तर पदवी घ्यायची, तीही चव्वेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून झाल्यावर, हे निमियाने नवऱ्यालासुद्धा सांगितले नव्हते. ज्याला नाहीच म्हणायचे, त्यावर घरात चर्चा कशाला ओढवून घ्या?

गावाच्या खालच्या अंगाला दोन दिवस पाणी नव्हते, त्यामुळे त्या दुपारी हॉल भरलेला होता. निमियाने काचेवर जेवणाच्या सुट्टीची पाटी अडकवली, आपल्या खोलीचे दार लावले, पंखा मोठा केला आणि नंबर पुकारायच्या माइकची कळ दाबली. ही कळ बरेच दिवस बिघडलेली होती. एकदा दाबली की दिवा विझे, पण माइक बंद व्हायला ती पुन्हा दाबावी लागे. निमियाला हे पक्के ठाऊक होते. पण तेवढ्यात पडद्यावर इन्स्फ्रानबाई दिसल्या, आणि दुसऱ्यांदा कळ दाबायची राहून गेली.

बाई भल्या होत्या. त्यांनी फी, परीक्षा वगैरे काही काढले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तुमचं नेमकं अडतंय कुठे?"

हा प्रश्न निमियाला आजवर कोणी विचारला नव्हता. पाठ केलेले वाक्य कुठल्या कुठे गेले आणि बांध फुटावा तशी ती बोलत सुटली. लहानपणी आजी झोपताना काय काय सांगायची, त्यातले निम्मे शब्द आता कोणाच्याच तोंडी नाहीत, ते कुठेतरी धरून ठेवावेत असे वाटते, पण वेळ कुठून आणायचा? मग वेळ कुठून आणता येईल हेही तिनेच सांगितले. साहेब एक ते दोन झोपतात, घोरणे काउंटरपर्यंत ऐकू येते, तेवढ्यात एखादा धडा वाचून होईल. आणि रविवार.

"रविवारी सासूबाईंकडे जेवण असतं," ती म्हणाली. "जेवण चांगलं असतं हो, पण नंतर तीन तास सगळ्यांची दुखणी ऐकायची. घसा बसलाय म्हणून सांगितलं तर सुटका होईल."

एव्हाना काचेपलीकडे हॉलमध्ये हसाहशी चालली होती. तेरेरेचा, म्हणजे गार हिरव्या काढ्याचा, पेला हातोहात फिरायचा थांबला होता आणि सगळे तिच्याकडे बघत होते. पाणी नाही आणि ही बया गप्पा मारत बसली आहे असे लोकांना वाटत असणार, असे समजून निमियाने पाटीकडे बोट दाखवले. लोक आणखी हसले. मग तिला पहिल्या बाकावर सासूबाई दिसल्या. एदुविहिसबाई तेरेरेचा थर्मास मांडीवर घेऊन ताठ बसल्या होत्या. निमियाने हात हलवला. त्यांनी हलवला नाही.

इतक्यात काचेवर टकटक झाली. रेकाल्देसाहेब उभे होते. शर्ट एका बाजूने खोचलेला, गालावर उशीचा वळ. निमिया घाईघाईने बाहेर आली आणि साहेब तोंड उघडणार, तोच छतातल्या कर्ण्यातून इन्स्फ्रानबाईंचा आवाज आला, "निमियाबाई, आहात ना?"

निमियाने छताकडे पाहिले, मग साहेबांकडे, मग सासूबाईंकडे. या क्षणी फरशी फाटली असती तर ती आनंदाने आत गेली असती.

साहेबांनी आवाज चढवला. कामाच्या वेळेत हे धंदे चालतात, वरिष्ठांच्या विश्रांतीची चर्चा परगावी होते, हे सगळे झाल्यावर ते मूळ मुद्द्यावर आले. "आणि शिकायचं काय, तर गुआरानी. अहो, ती माझ्या कोंबड्यांनाही कळते. त्याला पदवी लागते? या वयात काय दिवे लावणार आहात?"

हॉलमध्ये दोनचार जण हसले. निमियाचे कान तापले. हाच प्रश्न ती महिनाभर स्वतःला विचारत होती.

एदुविहिसबाईंनी थर्मास बाकावर ठेवला आणि त्या उठल्या. "साहेब, तुम्हाला येते गुआरानी?"

"म्हणजे काय. घरात दुसरं बोलतोच काय आम्ही."

"मग माझी तक्रार लिहून घ्या. मी सांगते तशीच, गुआरानीत. सरकारी भाषा आहे ना ती?"

साहेबांना मागे सरकता येईना. त्यांनी खिशातून पेन काढले, काउंटरवर कागद ओढला आणि सांगा म्हणाले. एदुविहिसबाईंनी सांगितले: पाणी नाही. पाणी साहेबांनी झटक्यात लिहिले. त्या भाषेत ते एका अक्षराचे आहे. मग ते 'नाही'पाशी अडकले. तोंडाने शंभरदा म्हणून झाले, पण कागदावर उमटेना. एक खोडले, दुसरे लिहिले, त्याच्यावर टिंब दिले, टिंब पुसले. मागून कोणी म्हणाले वरती रेघ हवी, कोणी म्हणाले रेघ पुढच्या अक्षरावर, तिसरा म्हणाला शब्दच तोडून लिहायचा असतो. आयुष्यभर लोकांना नाही म्हणत आलेल्या माणसाला 'नाही' लिहिता येईना.

शेवटी त्यांनी मान न वळवता विचारले, "निमियाबाई, कसं लिहितात हे?"

"मलाही येत नाही, साहेब," निमिया म्हणाली. "तेच तर शिकायचं होतं."

हॉल खदखदून हसला. एदुविहिसबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सांगितले, फारसा आवाज न चढवता, की शाळेत या भाषेतला एक शब्द तोंडातून निसटला की त्यांना मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवायचे. घरी येऊन त्या आईला सांगत, तर आईही म्हणायची, कशाला बोललीस. "मला लिहायला कोण शिकवणार होतं?" त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळून, "रविवारी येऊ नकोस. पण घसा बसला म्हणायचं नाही. अभ्यास आहे म्हणून सांगायचं. आणि माझी दुखणी मी माझ्या मुलाला सांगत असते. तू मध्ये बसून ऐकतेस."

साहेबांचा चेहरा बिटासारखा झाला होता. एवढ्या लोकांसमोर झालेली शोभा एका फटक्यात भरून काढायची म्हणून त्यांनी हुकूम सोडला. कार्यालयात पुस्तक दिसता कामा नये, वर्गाचे नाव निघता कामा नये. "आत्ताच्या आत्ता आत जा आणि त्या बाईंना नाही म्हणून सांगा. विषय संपला."

खरे तर निमिया तेच सांगायला बसली होती. वाक्य तयार होते, अगदी शेवटच्या 'बघू'पर्यंत. पण आता ते म्हटले असते, तर तो तिचा नकार राहिला नसता, साहेबांचा झाला असता. तिने खोलीत जाऊन दार लावले. माइकचा दिवा विझलेलाच होता. तिने कळेकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"बाई," ती छतातून घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "माझं नाव घाला. आणि नोकरी सोडणार नाही, हेही लिहून ठेवा."

संध्याकाळी ती घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. नवरा विल्फ्रिदो मोटरसायकली दुरुस्त करी, आणि व्हियारिकात दुरुस्तीला येणारी प्रत्येक गाडी एक बातमी घेऊन येते. एकाने त्याला सांगितले होते की निमिया असुन्सिओनला मास्तरीण होणार. दुसऱ्याने सांगितले होते की ती साहेबांवर खटला भरणार. तिसऱ्याने नुसते त्याच्या खांद्यावर हात ठेवून धीर धर म्हटले होते, आणि ते त्याला सगळ्यांत जास्त लागले होते.

"गावाला आधी कळलं," तो हात पुसत म्हणाला. "मला शेवटी."

"मी नाहीच म्हणणार होते. म्हणून नाही सांगितलं."

"मग?"

"मग साहेब नाही म्हणाले."

विल्फ्रिदोने ग्रीसचा डबा बंद केला. त्या रेकाल्देने आपल्याला एकदा स्कूटरचे पैसे द्यायलाही नाही म्हटले होते, असे पुटपुटून त्याने कोपऱ्यातले जुने टेबल बाहेर काढले आणि त्याच्या लुळ्या पायाला खिळे ठोकू लागला. निमिया त्यावरून काय ते समजली.

गावाची खोडच अशी, की करू नका म्हटलेली गोष्ट आधी होते. दुसऱ्या दिवसापासून लोक तक्रारी गुआरानीतच लिहून घ्या म्हणून हटून बसू लागले. एकेका तक्रारीला दुप्पट वेळ लागे, रांग एक वाजताही संपत नसे, आणि साहेबांना स्वतः काउंटरवर बसावे लागे. त्यांची डुलकी गेली. अर्थात तिच्याबरोबर निमियाचा वाचायचा तासही गेला. आता राहिला रविवार. पहिला वर्ग रविवारीच होता, अकरा वाजता.

दहा वाजता दारात एदुविहिसबाई उभ्या राहिल्या. मागे नणंद, नणंदेची मुले, एक आत्या आणि चार झाकलेली पातेली. "तू यायची नाहीस ना," त्या म्हणाल्या, "म्हणून आम्हीच आलो. तुझ्या पाठीशी आहोत आम्ही."

आणि ते पाठीशी राहिले. विल्फ्रिदोने खिडकीखालीच कोळसे पेटवले. आत्या दर थोड्या वेळाने ओरडे, हळू बोला, निमिया शिकते आहे. मुले हळू बोलण्यावरून भांडली. एदुविहिसबाई खुर्ची ओढून निमियाच्या अगदी मागे बसल्या आणि कोपर कसे दुखते ते विल्फ्रिदोला खिडकीतून सांगू लागल्या. सुनेला मध्ये बसून ऐकावे लागू नये म्हणून तिच्या डोक्यावरून. धूर आत आला तेव्हा अकराला पाच मिनिटे कमी होती.

निमियाने संगणक मिटून काखेत मारला, सासूबाईंकडे त्यांच्या घराची किल्ली मागितली आणि कोणी काही विचारायच्या आत मागच्या दाराने निघाली. दोन गल्ल्या ती जवळजवळ पळत गेली. सासूबाईंचे घर इतके शांत तिने कधी पाहिले नव्हते. ती जेवणाच्या मोठ्या टेबलाशी बसली आणि धापा टाकत वर्गात शिरली.

ओळखी चालल्या होत्या. तिची पाळी आली तेव्हा प्राध्यापकांनी आपुलकीने विचारले, नोकरी करून शिकताय, घरच्यांचा पाठिंबा आहे ना?

"फार आहे, सर," निमिया म्हणाली. "म्हणून तर घर सोडून सासूच्या घरी येऊन बसलेय."