ज्वालामुखीपूर्व तयारी, पेण विभाग

पेणमध्ये एकही ज्वालामुखी नाही, ही गंभीर बाब आपत्तीपूर्व समन्वय कक्षाच्या निदर्शनास सोमवारी आली. ज्वालामुखीसाठी रजिस्टरच नव्हतं आणि अर्ज तर दोनशे अकरा आले होते. शुक्रवारी रामवाडीतल्या प्रत्येक मोबाइलवर एक व्हिडिओ फिरला होता: अमेरिकेत जमिनीखाली महाज्वालामुखी खदखदतोय, फुटला की राख थेट रोह्यापर्यंत. तिथल्याच एका सोसायटीने खबरदारी म्हणून गच्चीवर ताडपत्री घातली होती.

अर्जदारांच्या रांगेत खाडीकाठचा रघूही होता. त्याचा अर्ज राखेचा नव्हता. खाडीच्या बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडून भरतीचं खारं पाणी त्याच्या भातखाचराच्या तोंडाशी आलं होतं. अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली नाही, तर पुढची तीन वर्षं तिथे भात उगवणार नव्हता. हा त्याचा चौथा अर्ज.

"रघूदादा, सध्या सगळा स्टाफ ज्वालामुखीवर आहे," लिपिक हरेश म्हणाला.

"कुठं हाय तो?"

"अमेरिकेत."

"मंग माझी खांड जवळ पडंल, सायब."

अर्जात जवळ-लांब असा रकाना नसल्याचं हरेशने निदर्शनास आणून दिलं.

घबराट शमवायला भूगोलाच्या अंबरीश सरांचं व्याख्यान ठेवलं. सरांनी नीट समजावलं. असा उद्रेक लाखो वर्षांतून एखादा होतो, तो ज्वालामुखी इतक्यात फुटण्याचं काही चिन्ह नाही, आपल्या महाराष्ट्रात तर जिवंत ज्वालामुखीच नाही. लोक हायसं वाटून चपला शोधू लागले. पण धडा अर्धवट सोडणं सरांच्या रक्तात नव्हतं. "उलट, हा आपला काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हाच. आत्ता आपण त्याच्यावरच बसलोय," ते म्हणाले.

सभागृह उभं राहिलं.

मंगळवारी कक्षाने जुनं दप्तर काढलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकाचा पंचनामा झालेला नव्हता. पंचनामा नाही, त्याअर्थी आपत्ती चालू आहे, असा निष्कर्ष निघाला. पथकं दगडांना हात लावून 'थंड' असा शेरा मारत हिंडू लागली. भर दुपारी तपासलेले एकोणीस दगड 'कोमट' निघाले. त्यांना दोऱ्या बांधून वेढा घालण्यात आला.

रघूच्या शेजारणीने, गिरजाबाईने, हे सगळं पाहिलं. "अरे, अर्जात लाव्हा घाल," ती म्हणाली. रघूने पाचव्या अर्जात लिहिलं: लाव्हा आला तर या खांडीतूनच जाईल.

दोन तासांत कक्षाच्या सहा गाड्या आल्या. साहेबांनी खांड प्रथमच डोळ्यांनी पाहिली, मापं घेतली, फोटो काढले. रघूने सगळ्यांना चहा दिला. गिरजाबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता होतंय बघ."

अमावास्येच्या सकाळी आदेश आला. लाव्हा खाडीत सोडण्यासाठी उपलब्ध असलेला एकमेव मार्ग म्हणून सदर खांड संरक्षित घोषित करण्यात येत असून, ती बुजवणाऱ्यावर कारवाई होईल. दोन्ही बाजूंना कठडे बसवण्यात आले. फीत साहेबांनी कापली.

दुपारी उधाण आलं, आणि नव्या कठड्यांमधून खारं पाणी शिस्तीत रघूच्या खाचरात शिरलं. रघूने त्याचा व्हिडिओ काढून रामवाडीच्या ग्रुपवर टाकला.

"हे अमेरिकेतलं का?" कुणीतरी विचारलं.

"नाय, इथलंच," रघूने प्रामाणिकपणे लिहिलं.

तो व्हिडिओ पुढे कुणीच पाठवला नाही. तुमच्याही मोबाइलवर असेल बघा. तुम्ही अकरा जणांना पाठवलेल्या राखेच्या व्हिडिओच्या खालीच.