सासूबाईंचे तीन स्क्रू

हॉस्पिटलची कामं करावीत तर मीच, असं माझं स्वतःबद्दल स्पष्ट मत आहे. कुठल्या खिडकीपाशी गोड बोलायचं आणि कुठल्या खिडकीपाशी आवाज चढवायचा, हे मला बरोबर कळतं! त्यामुळे सासूबाईंच्या खुब्यातले स्क्रू काढायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "तू फक्त आईजवळ बस. बाकी सगळं माझ्यावर सोड." बायकोने नुसता एक सुस्कारा सोडला.

दीड वर्षापूर्वी सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या. खुबा मोडला, डॉक्टरांनी तीन स्क्रू घालून तो जोडला. हाड झकास जुळलं, पण कुशीवर वळलं की स्क्रूची डोकी टोचायची, म्हणून आता ते काढायचे होते. सासूबाईंची एकच अट होती, स्क्रू घरी आले पाहिजेत. शेजारणींना त्यांचं दुखणं म्हणजे नाटक वाटायचं, त्यांना पुरावा दाखवायचा होता. ही कामगिरी त्यांनी चक्क माझ्यावर सोपवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईंनी माझ्या हातात भरलेलं दुधाचं पातेलंसुद्धा कधी दिलं नव्हतं. माझी छाती फुगली.

ऑपरेशन छान झालं. डॉक्टरांनी बाहेर येऊन एक छोटी बाटली माझ्या हातात ठेवली. आत तीन लांबसडक, चकचकीत स्क्रू! ती मुकाट्याने खिशात घालावी की नाही? पण समोरच्या बाकावर नुकताच पाय मोडलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांना धीर द्यावा म्हणून मी बाटली दाखवली. शेजारच्याने ती मागून घेतली. त्याच्या बायकोने उजेडात धरून पाहिली. मी उभा राहून खुब्याचं ऑपरेशन समजावून सांगत होतो, लोक माना डोलवत होते, आणि माझं व्याख्यान संपलं तेव्हा बाटली कुठल्याच बाकावर नव्हती. बाकांखाली वाकून पाहिलं, कुंड्यांत पाहिलं, झाडूवाल्या मावशींना विचारलं. पाय मोडलेल्या गृहस्थांना उठायला सांगण्याचा मात्र धीर झाला नाही.

खरं सांगून टाकलं असतं तर बोलणी खावी लागली असती, एवढंच. पण पहिल्यांदा मिळालेला मान असा घालवायचा? मी तडक हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"दाराला हवेत की खिडकीला?" दुकानदाराने विचारलं.

"सासूबाईंना," मी बोलून गेलो.

त्याने पुढे काही न विचारता तीन स्क्रू पुडीत बांधले. हॉस्पिटलातून आल्यासारखे दिसावेत म्हणून मी ते घरी साबणाने घासून धुतले आणि ओलेच औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं. इथे माझी अक्कल शेण खायला गेली.

सासूबाई घरी आल्या त्या आपल्या पायांनी चालत. हाड पक्कं आहे, बिनधास्त पाय टाका, असं डॉक्टरांनी सांगितलंच होतं. शेजारणी जमल्या. सासूबाईंनी ऐटीत बाटली उघडून स्क्रू तळहातावर घेतले आणि त्यांचा चेहराच उतरला. तिन्ही स्क्रूंवर तांबूस गंज चढला होता.

"अगं बाई," एक शेजारीण म्हणाली, "असले तर आमच्या कपाटाला आहेत."

झालं! सासूबाई पलंगावर आडव्या झाल्या त्या उठेचनात. गंजक्या स्क्रूंनी जोडलेल्या हाडाचा काय नेम? पाय टेकला की मोडणार, अशी त्यांची खात्रीच पटली. बायको समजावून थकली. त्यांचा घाबरलेला चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. खरं सांगायचं ठरवून मी कितीदा तरी त्यांच्या खोलीत गेलो आणि दर वेळी उशी सारखी करून बाहेर आलो.

शेवटी सासूबाईंनीच फर्मान काढलं, डॉक्टरांना जाब विचारायचा. हॉस्पिटलच्या दारात चाकांची खुर्ची मिळाली. त्यांना तिच्यात बसवून मीच ढकलत आत नेलं. म्हणजे माझी वरात मीच काढली!

त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर स्क्रू ओतले. "डॉक्टर, मी तुम्हाला देव मानलं. आणि तुम्ही हे माझ्या अंगात घातलंत?"

डॉक्टरांनी आधी स्क्रूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सासूबाईंच्या पाठीमागे उभा राहून हात जोडले, कानही पकडले. पण हा डॉक्टर फारच सरळ माणूस. त्याने भिंतीवरच्या दिव्यावर जुना एक्स-रे लावला.

"आजी, तुमचे स्क्रू हे. बोटाएवढे लांब, आणि त्यांना असा गंज चढत नाही. तुमचं हाड एकदम भक्कम आहे. हे टेबलावरचे दाराबिराचे दिसतायत. तुमचे मी ह्यांच्या हातात दिले होते."

बायकोने कपाळाला हात लावला. सासूबाई हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे माझे स्क्रू ह्यांनी हरवले?"

"तसंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले.

"मग काही हरकत नाही," सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलं, तुम्ही चुकलात."

आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मी लगबगीने रिकाम्या खुर्चीला हात घातला, म्हटलं परत देऊन येतो. त्यांनी माझा हात अलगद बाजूला केला.

"राहू द्या जावईबापू," त्या म्हणाल्या आणि ती खुर्ची स्वतःच ढकलत तरातरा परत करायला निघाल्या.