पडद्यावरची जीभ

संगणकावर चित्रकला शिकवावी तर मीच, असं मी आमच्या कलाशाळेत छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं! प्राचार्यांनाही ते पटलं होतं. माझं प्रात्यक्षिक जमलं, की शेजारची कोळशाची खोली बंद आणि तिथेही संगणक!

त्या खोलीत मुलांना कोळशानं रेखाटन शिकवणाऱ्या बाई म्हणजे माझी सख्खी बायको.

"अहो, माझी खोली घालवून तुम्हाला काय मिळणार?" सकाळी चहा देताना ती म्हणाली. मला जरा चरकल्यासारखं झालं. पण शब्द दिला होता ना!

प्रात्यक्षिकासाठी वर्गातल्या वायरी मी स्वतः जोडल्या. मोठ्या पडद्याकडे पाठ आणि मुलांकडे तोंड करून ऐटीत बसलो. समोर खुर्चीवर मॉडेल म्हणून आमचे शिपाईमामा, पहिल्या बाकावर प्राचार्य. बायको शेवटच्या बाकावर, रिकाम्या संगणकापाशी. "बघू तरी हे संगणकाचं पेन कसं चालतं," म्हणाली. मी उदार मनानं परवानगी दिली!

मी काढू लागलो. माझ्या छोट्या स्क्रीनवर मामांच्या नाकाचा बटाटा झाला. तरी मुलं आधी खुसखुसली, मग चक्क "वा!" म्हणू लागली. या नाकाला वा?

प्राचार्य तर उभेच राहिले. "काय रेषा आहे, सर! आणि आरशाशिवाय स्वतःचं चित्र!"

स्वतःचं? मी वळून पाहिलं. पडद्यावर मीच होतो! पेनावर वाकलेला, कपाळाला आठ्या, जीभ दातांत धरलेली. इतका हुबेहूब, की मला त्या माणसाची कीव आली.

"हँ हँ, सरावानं जमतं," असं म्हणून मी पेन खाली ठेवलं.

पडद्यावर माझा डावा कान मात्र हळूहळू उगवत राहिला!

सगळ्या माना मागे वळल्या. बायकोनं माझ्यावरची नजर काही हलवली नाही. "हलू नका हो, कान बिघडेल!" ती खेकसली. मोठ्या पडद्याची वायर मी कोणत्या संगणकाला लावली होती, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"बाई, संगणकावर याआधी कधी काढलंय?" प्राचार्यांनी विचारलं.

"छे हो! हात तोच, फक्त कोळसा बदलला."

खोटं कशाला बोलू, लाज वाटायची सोडून माझीच छाती फुगली. काय बाई आहे!

खोली वाचली. आता तिथे कोळसाही आहे आणि संगणकही, दोन्ही तीच शिकवते. मुलं दारापर्यंत उभी असतात. मलाही त्या वर्गात जबाबदारीचं काम मिळालंय, वायरी जोडायचं. माझ्या जोडून झाल्या, की ती एकदा तपासून घेते!